पाय सरळ करायचा की पूर्वीसारखा?

ऑक्टोबर 2000 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा बदलला तो डॉ. चित्तरंजन राणावत यांनी. 1974 मध्ये न्यूयॉर्कला जॉन इन्सॉल यांच्यासोबत आधुनिक कृत्रिम गुडघा घडवणाऱ्या चमूत तेही होते. त्या पिढीने घालून दिलेला नियम साधा होता: खुब्याच्या गोळ्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेषा ओढली, तर ती गुडघ्याच्या मधोमध जावी. म्हणून मांडीचे आणि नडगीचे, दोन्ही हाडे या रेषेला काटकोनात कापायची. भार दोन्ही बाजूंवर सारखा पडला, की प्लास्टिक कमी झिजेल आणि सांधा सैल होणार नाही, हा हिशेब.

पण निसर्गाने गुडघा असा काटकोनात बसवलेलाच नाही. नडगीचा माथा साधारण 3 अंश आतल्या बाजूला कललेला असतो. बेल्जियमच्या योहान बेलेमान्स यांनी 2012 मध्ये गुडघ्याची काहीही तक्रार नसलेले तरुण तपासले, तेव्हा 32 टक्के पुरुषांच्या आणि 17 टक्के स्त्रियांच्या पायांना 3 अंश किंवा अधिक बाक आढळला. अशांचा पाय सरळ केला, की एका बाजूचे अस्थिबंध ताणले जातात आणि ते सैल करावे लागतात.

कॅलिफोर्नियाचे स्टीफन हॉवेल 2006 पासून उलट वाटेने गेले. कापलेला हाडाचा प्रत्येक तुकडा ते कॅलिपरने मोजतात. झिजलेल्या कूर्चेचे सुमारे 2 मिलिमीटर आणि करवतीने खाल्लेला सुमारे 1 मिलिमीटर धरून, जेवढे गेले तेवढ्याच जाडीचा कृत्रिम भाग बसला पाहिजे. म्हणजे सांध्याचा मूळ कल परत येतो आणि अस्थिबंधांना सहसा हात लावावा लागत नाही. हे मोजमाप मला फार मोलाचे वाटते, कारण त्यात सर्जनला आपली चूक तिथल्या तिथे सापडते.

मग जुनी पद्धत मोडीत काढावी का? नाही. दोन्हींची तुलना करणाऱ्या चाचण्यांचे निकाल एकमुखी नाहीत. मात्र मेयो क्लिनिकने 2010 मध्ये 398 गुडघ्यांचा 15 वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा सरळ रेषेपासून 3 अंशांच्या मर्यादेत बसलेले सांधे इतरांपेक्षा जास्त टिकलेले दिसले नाहीत. तरीही बाक फारच मोठा असेल, तर तो जसाच्या तसा ठेवणे धोक्याचे वाटते. अनेक सर्जन आता मूळ कल जपतात, पण ठरावीक अंशांपलीकडे जात नाहीत.

आता या शस्त्रक्रियेत रोबोटही वापरतात. त्याच्या मदतीने हाड अचूक कापले जाते, हे खरे. कोणत्या कोनात कापायचे हे मात्र सर्जनच ठरवतो. जाहिरात पाहून रोबोटची चौकशी करणाऱ्यांनी आधी हा कोन विचारावा, आणि तो ठरवण्यासाठी उभ्याने, खुब्यापासून घोट्यापर्यंतचा पूर्ण एक्स-रे काढला आहे का, तेही.