तगरीवरचं सापाचं पिल्लू

"मामा, लवकर ये! तगरीवर सापाचं पिल्लू आहे!"

दोस्तांनो, मागच्या पावसाळ्यात हर्सूलला बहिणीकडे गेलो होतो, तेव्हा भाचीने अशी आरोळी ठोकली. घर तलावाच्या बाजूला, तिथे साप निघणे काही नवलाचे नाही. आजी खराटा घेऊन धावली, तिच्यामागे मी. फांदीवर बोटाएवढे जाड, हिरवेगार काहीतरी बसले होते आणि निळ्या डोळ्यांनी आमच्याकडे टक लावून बघत होते.

साप कसला! ती होती अळी. डोळेही खोटेच. डोक्यामागे दोन निळे-पांढरे ठिपके असतात. धक्का लागला की अळी खरे डोके आत ओढते, मग ते ठिपके डोळे वटारल्यासारखे दिसतात. पक्षी दचकतो. आजीही दचकलीच की! शेपटीकडचे शिंग नांगीसारखे दिसते, पण टोचत नाही.

"सगळी तगर खाल्ली मेलीने," म्हणत आजीने खराटा उगारला. भाची आडवी आली. शेवटी ठरले, दोन अळ्या बरणीत ठेवायच्या.

ही अळी एका पतंगाची. संक्रांतीचा पतंग नव्हे हं, दिव्याकडे झेपावणारा! शास्त्रीय नाव डॅफ्निस नेरी. त्यातले 'नेरी' कण्हेरीवरून आले. कण्हेर विषारी, गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. ही अळी मात्र ती मजेत खाते. तगरही तिला तेवढीच प्रिय.

मादी पानांवर मोहरीएवढी, फिकट हिरवी अंडी एकेक करून घालते. नुकती जन्मलेली अळी पिवळसर असते आणि तिचे काळे शिंग चांगलेच लांब. खायचे, कात टाकायची, पुन्हा खायचे! दोन-तीन आठवड्यांत ती सात-आठ सेंटिमीटर होते. लेंड्याही मिऱ्यांएवढ्या, भाचीने त्या रोज न कंटाळता काढल्या. (तुम्हीही अळी पाळणार असाल, तर ज्या झाडावर सापडली त्याचीच पाने द्या. कण्हेरीची पाने मात्र मोठ्यांनाच तोडू द्या आणि हात साबणाने धुवा.)

एके दिवशी अळ्यांनी खाणे सोडले. हिरवा रंग जाऊन त्या तपकिरी झाल्या, बरणीतल्या पाचोळ्यात शिरल्या आणि तिथेच कोष झाले.

दोनएक आठवड्यांनी संध्याकाळी भाचीचा फोन आला. ती कुजबुजतच बोलत होती. बरणीच्या कापडाला पतंग लटकला होता. हिरव्या पंखांवर गुलाबी, पांढरी नक्षी, जणू सैनिकाचा गणवेश! पंख पसरले की दहा सेंटिमीटर भरावेत. अंधार पडल्यावर त्याने पंख थरथरवले आणि तो गेला. लांब सोंडेने रात्रीच्या सुवासिक फुलांतला मध प्यायला.

दुसऱ्या कोषातून पतंग निघालाच नाही. निघाल्या चार राखाडी माश्या. अळी झाडावर असतानाच माशीने डाव साधला होता. तिची पिल्ले अळीला आतून खात वाढली.

तगरीला नवी पालवी आली आहे. भाची मात्र त्या माश्यांवर अजून रुसलेली आहे.