‘शिवणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ

कोल्हापुरात बी.ए.च्या वर्गाला मी शब्दशक्ती शिकवतो. अभिधा, लक्षणा, व्यंजना. व्यंजनेचे ठरलेले उदाहरण म्हणजे ‘सूर्य मावळला’ हे वाक्य. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ते घेतले आहे. शब्द तेच, पण ऐकणाऱ्यागणिक अर्थ निराळा. गुराख्याने ऐकले तर गुरे घराकडे वळव. व्यापाऱ्याने ऐकले तर माल आवर. कर्मठाने ऐकले तर संध्येची वेळ झाली. प्रियकराकडे निघालेलीने ऐकले तर आता निघ. विद्यार्थी असताना हे उदाहरण मला इतके आवडले की घरी येऊन मी आजीला विचारले, ‘‘आजी, दिस बुडाला म्हटलं की तुला काय कळतं?’’ ती म्हणाली, ‘‘काय कळायचं? पाटी घ्यायची आन् भाकरी मागाय जायचं.’’ आजीचे माहेर सातारा जिल्ह्यातले. तिच्या वडिलांकडे येसकराची पाळी असे, आणि गावकीची भाकरी गोळा करायला दिवस बुडाल्यावर पोरीने जायचे असे. मम्मटाच्या यादीत ही भाकरी नाही.

यात मम्मटाच्या सिद्धांताचा दोष नाही. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, स्थळ कोणते, वेळ कोणती, आवाजाची ढब कशी, यावरून अर्थ ठरतो असे त्यानेच सांगून ठेवले आहे. नियम बरोबर आहे, उदाहरणे मात्र वेशीच्या आतली आहेत. आणि आपल्या क्रमिक पुस्तकांनी तीच पुढे चालवली, त्यांत आपली भर घातली नाही, ही माझी तक्रार आहे.

आता माझे उदाहरण. ‘शिवणे’ हे क्रियापद घ्या. सुईदोऱ्याने जोडणे हा एक अर्थ, स्पर्श करणे हा दुसरा. भाषेचे अभ्यासक सांगतात की हे मुळात दोन निराळे शब्द आहेत. सुईचे ‘शिवणे’ संस्कृत ‘सिव्’ धातूपासून आले, स्पर्शाचे प्राकृत ‘छिव’पासून. दोघे झिजत झिजत एकाच उच्चारावर येऊन थांबले. म्हणजे एका शब्दाला दोन अर्थ फुटले असे नव्हे, दोन शब्दांना एक रूप मिळाले. एरवी यात घोटाळा होत नाही. सदरा म्हटले की सुई, विटाळ म्हटले की स्पर्श.

पण माझ्या आजोबांच्या एका वाक्यात दोन्ही अर्थ शेजारी बसले होते. ते म्हणत, ‘‘शिंपी आमचं शिवायचा, आमाला न्हाय शिवायचा.’’ गावचा शिंपी महारवाड्यातले कापड घेई, त्यावर पाणी शिंपडून. पैसे घेई. पण माप घ्यायला अंगाला हात लावत नसे. लांब उभे करून नजरेनेच अंदाज बांधायचा. म्हणून आजोबांचे तरुणपणचे सगळे सदरे ढगळ. हे वाक्य अलंकारशास्त्रात यमकाच्या खाती जमा होईल. आजोबांना यमक ठाऊक नव्हते. घडले ते त्यांनी सांगितले, इतकेच.

या शब्दाची चाल एवढ्यावर थांबत नाही. पिंडाला कावळा शिवला तर घरचे सुटकेचा श्वास टाकतात. बाईला ‘कावळा शिवला’ म्हटले की तिला बाजूला बसवतात. कावळा तोच. मुले शिवाशिवी खेळतात, त्यात ज्याच्यावर ‘राज्य’ येते त्याच्यापासून सगळी पळतात. त्याने दुसऱ्याला शिवले की राज्य उतरते. मोठ्यांच्या शिवाशिवीत ते उतरत नव्हते.

‘वतन’ची गोष्ट वेगळी आहे. हा खरोखरच एक शब्द आणि त्याला फुटलेले अर्थ. अरबी-फारसीत वतन म्हणजे जन्मभूमी. मराठीत तो वंशपरंपरेचा हक्क आणि त्यासोबतची जमीन झाला. गावात पाटलाचे वतन आणि महाराचे वतन दोन्ही होती, कागदावर शब्दही एकच. पाटलाला त्यात मान होता. महाराला त्या तुकड्यापायी सरकारची आणि गावाची रात्रंदिवस चाकरी होती. एकजण हजर नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. १८७४च्या वतन कायद्याने हे बांधून ठेवले होते. तो सुधारण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. त्याच्या दहा वर्षे आधी, १९१८ साली, शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात महार वतन रद्द करून जमिनी रयतावा केल्या होत्या. मुंबई राज्याचा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

‘वतन गेलं’ हे वाक्य मी दोन सुरांत ऐकले आहे. चाकरी सुटली म्हणून, आणि पुढे रान हातचे गेले म्हणून. आवाजाच्या या ढबीला शास्त्रात ‘काकू’ म्हणतात. (वर्गात हा शब्द निघाला की पोरे हमखास हसतात. त्यांना चुलती आठवते.) लिहिलेल्या ओळीत काकू उतरत नाही. म्हणून आपल्या म्हाताऱ्यांचे बोलणे टिपताना नुसते शब्द टिपून भागत नाही, कोण कुणाला कुठे बोलले तेही टिपावे लागते.

राहिला ‘दलित’. मोल्सवर्थच्या कोशात त्याचा अर्थ दळलेला, तुकडे केलेला असा आहे. दलित पँथरच्या १९७३च्या जाहीरनाम्याने त्यात अनुसूचित जाती-जमाती आणि नवबौद्धांबरोबर कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया यांनाही घेतले. एवढा मोठा अर्थ सगळ्यांना मान्य नव्हता, आणि १९७४च्या फुटीमागच्या वादात हाही धागा होता. २०१८ साली केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना हा शब्द टाळून ‘अनुसूचित जाती’ म्हणण्याची सूचना केली. सरकारी भाषेला मोजता येणारा अर्थ लागतो, हे मी समजू शकतो. माझ्या वर्गातल्या मुलांच्या दाखल्यावर ‘अनुसूचित जाती’ असते. वाङ्मयाच्या तासाला तीच मुले ‘दलित’ म्हणतात, आणि मी दुरुस्त करत नाही.