हवा खाणारं चित्र

पोरांनो, करडईच्या तेलाची ती बुधली इकडे आणा बरं. तोंडाशी बोट लावा. चिकट राप लागला ना? आजी म्हणते, धुतली नाही म्हणून. तसं नव्हे. तिथं तेलानं हवा खाल्लीय.

ओला सदरा वाळतो तो पाणी उडून गेलं म्हणून. करडईचं नि जवसाचं तेल उडत नाही. ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि मग त्याचे रेणू एकमेकांचे हात धरतात. हातात हात गुंफत जाळी होते, जाळीचा पापुद्रा होतो. म्हणजे सदरा वाळताना हलका होतो, हे तेल मात्र आधी जड होतं! खोबरेलाच्या रेणूंना असे मोकळे हात जवळजवळ नाहीतच. ते कितीही दिवस ठेवा, त्याची साय धरणार नाही.

या पापुद्र्यात रंगाची पूड अडकली की झालं तैलचित्र. आंजेला त्रिंदाद नावाची चित्रकर्ती अशा तैलरंगात चित्रं काढायची. घराणं गोव्याचं, पोर्तुगिजांच्या राज्यातलं. वडील आंतोनियो त्रिंदाद सांग्याचे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवायचे. ही १९०९ साली मुंबईत जन्मली, त्याच कलाशाळेत शिकली, पुढे तिथल्या मुलींच्या विभागाची प्रमुख झाली. माणसांची हुबेहूब चित्रं काढायची. आणि येशूच्या आईला, मेरीला, तिनं चित्रात चक्क साडी नेसवली! मला विचाराल तर ही तिची खरी हिंमत. नंतर ती अमेरिकेला गेली, त्रिकोणांतून चित्रं रचू लागली. १९८० साली वारली.

तैलरंगाला घाई चालत नाही. वरचा थर काही दिवसांत हाताला लागेनासा होतो, पण आतली गुंफण महिनोन्महिने चालूच असते. म्हणून वार्निश लावायला चित्रकार थांबून राहतात. मँगनीज असलेली तपकिरी माती मिसळली तर काम लवकर होतं. पांढऱ्या रंगाला पुष्कळ जण जवसाऐवजी करडई घेतात. जवस पिवळं पडतं ना! त्यातही गंमत बघा, अंधारात पिवळं पडलेलं जवसाचं तेल उजेडात ठेवलं की बरंचसं निवळतं. अशी तैलचित्रं बघायचीत? आंजेलाची आणि तिच्या वडिलांची चित्रं पणजीला फुंदासांव ओरिएंत या संस्थेत आहेत. गोव्याला गेलात तर समुद्र बघून झाल्यावर तिकडेही जा.

धाकटी विचारते, आपल्या आंबेगावात हवा असं काही रंगवते का? रंगवते की. डोंगरातले लोक बाळहिरडा गोळा करतात, तो घे. उकळून गाळ, त्या पाण्यात चिमूटभर हिराकस टाक आणि कागदावर रेघ ओढ. आधी फिकी दिसेल. मग हिराकशीतल्या लोहाला प्राणवायू मिळतो, हिरड्यातला तुरटपणा त्या लोहाला धरून बसतो, आणि रेघ काळी होत जाते. हिरडा तू आण, हिराकस माझ्याकडे आहे. मात्र चांगल्या फ्रॉकवर करायचं नाही. तो डाग आजीच्यानंही निघत नाही.