शिरूर-दौंडचा गारठा: निघतो हिमालयातून, उतरतो हरभऱ्यावर

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की शिरूर-दौंडकडच्या घरांत एक काम हमखास निघतं. पेटीतल्या गोधड्या उन्हात पडतात. दुपारी अजून पंखा लागतो, पण पहाटे पायाशी काहीतरी ओढून घ्यावंसं वाटतं. शरद सरत आला आणि हेमंत दाराशी आला, हे पंचांग न उघडताही कळतं. पण ही थंडी येते कुठून, थांबते कशाने आणि आपल्याच दोन तालुक्यांवर तिचा एवढा लोभ का?

पाऊस कमी, म्हणून गारठा जास्त

एकाच पुणे जिल्ह्यात लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि शिरूर-दौंडला जेमतेम पाचशेच्या आसपास. सह्याद्रीने अडवलेल्या ढगांची ही उणीव थंडीत उलटी फिरते. परतीचा पाऊस गेला की इथलं आभाळ काचेसारखं स्वच्छ होतं. दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब रात्री ढगांचं पांघरूण नसल्याने थेट आकाशात निघून जाते, आणि कोरडी हवा ती धरून ठेवत नाही. म्हणून एकाच दिवसात दुपार आणि पहाट यांच्यात पंधरा-पंधरा अंशांचं अंतर पडतं. जिल्ह्यातल्या किमान तापमानाच्या यादीत हवेली आणि एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) परिसराच्या जोडीने आपल्या तालुक्यांची नावं वरचेवर दिसतात, ती यामुळेच.

सगळ्यात थंड वेळ कोणती? मध्यरात्र नव्हे, पहाटे तीनही नव्हे. जमीन सूर्य उगवेपर्यंत ऊब गमावतच राहते, त्यामुळे पारा तळाला जातो तो सूर्योदयाच्या सुमाराला. बागेला पाणी धरायला निघालेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको!

दोन बातम्या वाचा, अंदाज बांधा

काश्मीर-हिमाचलात बर्फ पडल्याची बातमी आली की दोन-चार दिवसांत गोधडी जवळ ठेवायची. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात तिथे बर्फ टाकतात आणि ते पुढे सरकले की उत्तरेचे गार, कोरडे वारे मोकळे सुटतात. दुसरी बातमी बंगालच्या उपसागराची. नोव्हेंबरात तिथे कमी दाबाचा पट्टा किंवा चक्रीवादळ तयार झालं, की शेकडो किलोमीटरवरचे ढग आपल्या डोक्यावर येतात, रात्र उबदार होते आणि थंडी पळते. कांद्यावर करपा पडतो तो याच ढगाळ, दमट दिवसांत. शेतकऱ्याला थंडीपेक्षा थंडीतल्या आभाळाची धास्ती जास्त वाटते, आणि ती रास्त आहे.

‘थंडीची लाट’ हा शब्द मात्र जपून वापरावा. हवामान खात्याच्या हिशेबात सपाट प्रदेशात पारा १० अंशांवर किंवा खाली गेला आणि तो सरासरीहून किमान ४.५ अंशांनी कमी असला, तर लाट म्हणतात. किनाऱ्यावर १५ अंशही पुरतात. म्हणजे मुंबईकर ज्या पाऱ्याला लाट म्हणू शकतो, त्याला दौंडकर ‘आज बरंय’ म्हणेल.

हे मोजणारं खातंही थंडीच्या गावाहूनच आलं. १९२८ मध्ये देशाच्या हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला हललं. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरच्या त्या जागेला लोक आजही सिमला ऑफिसच म्हणतात. पुण्याचा नीचांक त्यानंतर काही वर्षांनी नोंदला गेला: १७ जानेवारी १९३५, १.७ अंश.

पेपरातला आकडा आणि शेतातलं पान

वेधशाळेतला तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत असतो. स्वच्छ, निवांत रात्री जमिनीलगतची हवा त्याहून काही अंशांनी गार असते. पेपरात ९ छापून आलं, तर तुमच्या हरभऱ्याच्या पानाने त्याहून कमी सोसलेलं असतं.

आणि हरभऱ्याचं पान म्हणजे या ऋतूतलं खरं नवल. त्याच्या बारीक केसांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं आणि ते रात्रीच्या दवात मिसळतं. जुनी माणसं संध्याकाळी पांढरं धुतलेलं फडकं हरभऱ्यावर पसरून ठेवायची. दिवस उगवायच्या आत ते उचलायचं, तांब्यावर पिळायचं: पिवळसर, जिभेला झणकन लागणारं आंबट पाणी. हीच आंब. पोटदुखीवर, अपचनावर ती बाटलीत भरून वर्षभर जपायची. हरभऱ्यातून पहाटे अनवाणी चाललं की टाचेच्या भेगा चुरचुरतात, त्याही या आंबेनेच. एवढ्या सुरेख गोष्टीची बाटली आता फार थोड्या घरांत उरली आहे. यंदा एक फडकं पसरून बघाच.

शेजारच्या वावरात शाळू उभा असतो. परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरलेला, पुढे भुईतल्या ओलाव्यावर आणि थंडीवर पोसलेला. त्याच्यावर थव्याने उतरतात त्या भोरड्या. पूर्व युरोप आणि मध्य आशियातून हजारो किलोमीटर उडून आलेल्या या गुलाबी अंगाच्या पाहुण्यांना आपली कणसं आवडतात. गोफण घेऊन त्यांना हाकलताना एवढं लक्षात असू द्यावं, की त्या टोळ आणि नाकतोडेही खातात.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, दौंडच्या खानोटा-राजेगावपासून भिगवणकडे, आणखी मोठे पाहुणे येतात. पट्टकदंब हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरहून उंच उडाल्याची त्याची नोंद आहे. रोहित पक्षी मात्र पाणी ओसरून चिखलाची उथळ दलदल उघडी पडेपर्यंत थांबतात. धरण तुडुंब भरलेल्या वर्षी ते उशिरा येतात, म्हणून सहलीचा बेत पाणीपातळी विचारूनच आखा.

दौंड जंक्शन आणि दिल्लीचं धुकं

दिल्लीचं धुकं दौंडला दिसत नाही, पण फलाटावर कळतं. उत्तरेच्या गाड्या मनमाडवरून येतात आणि तिकडे दाट धुकं पडलं की इथली घोषणा तास-तास पुढे सरकते. थंडी रुळांनाही वाजते. एक किलोमीटरचा रूळ मोकळा ठेवला आणि पारा २० अंशांनी उतरला, तर तो सुमारे २३ सेंटिमीटर आखडेल. प्रत्यक्षात रूळ आवळून बसवलेला असतो, त्यामुळे तो आखडत नाही, आतल्या आत ताणला जातो आणि कधी तडकतो. म्हणून कडाक्याच्या रात्री गँगमन दिवा घेऊन रुळावरून पायी गस्त घालतात. आपण गाडीत पांघरूण ओढून झोपतो, ते त्यांच्या भरवशावर.

थंडीबरोबर दिवसही आखडतो. संध्याकाळ सगळ्यात लवकर होते ती २२ डिसेंबरला, असा आपला समज. तो दिवस सगळ्यात लहान असतो हे खरं, पण आपल्याकडे सूर्य सगळ्यात लवकर, सहाच्या आत, मावळतो तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. आणि सगळ्यात उशिरा उगवतो जानेवारीच्या मध्याला.

गारठ्याचा गोडवा

ही थंडी उसाला मानवते. गार रात्रींत उसाची वाढ मंदावते आणि कांड्यांत साखर साठते. केडगाव-पारगावच्या पट्ट्यात गुऱ्हाळांचा धूर पहाटेच्या धुईत मिसळलेला दिसतो, आणि चुलवाणाशेजारची जागा गावातली सगळ्यात उबदार जागा ठरते.

फडात मात्र वेगळं चित्र असतं. ऊसतोड कामगार मराठवाड्यातून, नगरच्या दुष्काळी भागातून मुलाबाळांसह येतात आणि उघड्या रानात पाचटाच्या कोपीत राहतात. पहाटे कोयता हातात घ्यायचा तेव्हा दवाने भिजलेलं पाचट हात कापून काढतं. पोरं तिथेच चिंध्यांत गुंडाळलेली असतात. गोधड्या उन्हात टाकाल तेव्हा त्यातली एक जवळच्या फडावर नेऊन द्या. आणि उसाची ट्रॉली तुमची असेल, तर धुईचे दिवस सुरू व्हायच्या आत तिच्या मागे रिफ्लेक्टर लावून घ्या.