कॉलेजचा रंग

अमेरिकेंत कॉलेज निवडतांना फीचा विचार मोठा असतो. राज्याच्या विद्यापीठांत त्या राज्यांतील रहिवाशास फी पुष्कळच कमी पडते. म्हणून मिशिगनचा मुलगा ॲन आर्बर गांठतो, शेजारच्या ओहायोचा मुलगा कोलंबसला जातो. निवड अशी व्यवहाराची. पण तिच्या पोटीं जन्माचें वैर येतें! या दोन विद्यापीठांचा पहिला फुटबॉल सामना १८९७ सालीं झाला. (हा फुटबॉल आपल्याकडील नव्हे, यांत लांबट चेंडू हातांत घेऊन पळावयाचें असतें.) आतां नोव्हेंबरअखेरच्या या सामन्यास पन्नाशी उलटलेले वकील-डॉक्टरहि आपापल्या विद्यापीठाच्या रंगाचा पोशाख करून येतात, मिशिगनचे पिवळा-निळा, ओहायोचे तांबडा-करडा. ॲन आर्बरच्या क्रीडांगणांत एक लाखाहून अधिक माणसें बसतात, आणि शहराची वस्ती मात्र सव्वा लाखाच्या आसपास!

गंमत अशी कीं, ज्यांच्यासाठीं घसा कोरडा करावयाचा ते खेळाडू चार-पांच वर्षांचे पाहुणे. २०२१ पासून त्यांना आपल्या नांवावर जाहिरातींतून पैसा मिळवितां येतो. दुसऱ्या विद्यापीठांत जाणेंहि सोपें झालें आहे. खेळाडूनें रंग बदलला तरी चालतें, प्रेक्षकास ती मुभा नाहीं. त्याची तेथील चार वर्षें आणि त्या वयांत जोडलेले मित्र त्या रंगाशीं कायमचे बांधलेले असतात. अशा बापाचा मुलगा पुढें शेजारच्याच विद्यापीठांत शिकूं लागला, तर सामन्याचा शनिवार कसा जातो, हें त्या घरच्या गृहिणीसच विचारावें!