कापसाच्या हंगामावर चालणारे गाव : ब्रिटिश अमदानीतले खामगाव

बुलढाणा हे जिल्ह्याचे ठाणे झाले ते हवेमुळे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचे हे गाव खालच्या पयनघाटापेक्षा थंड, म्हणून साहेब लोकांना मानवणारे. कचेऱ्या आणि बंगले तिथे उभे राहिले. पैसा, गर्दी आणि गडबड मात्र घाटाखाली, खामगावात होती. खामगाव तालुका 1905 पर्यंत अकोला जिल्ह्यात मोडत होता. त्या वर्षी वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा खामगाव आणि जळगाव हे तालुके बुलढाण्याला जोडले गेले. कचेरीचा जिल्हा बदलला तरी गावाचे दिवस ठरत ते कपाशीवरच. दसरा-दिवाळीला बोंडे फुटली की गाव जागे होई आणि उन्हाळ्यात शेवटची गाडी रिकामी झाली की पुन्हा सुस्तावे. बाजार, नाटक-तमाशा, जत्रा आणि मिशनऱ्यांच्या सभा या सगळ्यांची मांडणी याच काही महिन्यांत होत असे.

खामगावची पेठ इंग्रजांनी वसवलेली नव्हे. 1820 च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी येथे दुकाने थाटली. तूप, सूत आणि थोडासा कापूस एवढाच सौदा होता. वऱ्हाडचा कापूस त्या काळी लमाणांच्या बैलांवर लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. 1825-26 मध्ये विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी व्यापाऱ्यांनी 500 बैलांवरून माल घाट उतरवून मुंबईला धाडला आणि पश्चिमेची वाट रुळली. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, तोपर्यंत खामगावच्या पेठेचा जम बसलेला होता.

खरी तेजी आली ती अमेरिकेतल्या यादवी युद्धाने. 1861 ते 1865 या काळात अमेरिकन कापूस अडकून पडला, लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी मालाकडे वळल्या आणि भाव कडाडले. शेतकऱ्यांनी गाड्यांच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्याची कथा या तेजीतलीच. कथेत मीठमसाला असेल, पण पैसा आला होता हे खोटे नव्हे. युद्ध संपले आणि भाव कोसळले. तरी सरकारने वऱ्हाडचा नाद सोडला नाही. हॅरी रिव्हेट-कारनॅक यांना खास कापूस आयुक्त नेमण्यात आले. मुख्य लोहमार्ग खामगावला टाळून जलंबवरून गेला होता, म्हणून सरकारी खर्चाने जलंब-खामगाव ही सुमारे 13 किलोमीटरची शाखा बांधली गेली. मार्च 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी ती शाखा आणि नवा कापूसबाजार यांचे उद्घाटन केले. एवढ्याशा फाट्यासाठी खुद्द व्हाइसरॉय येतो, यावरून या कापसाची सरकारदरबारी किंमत कळते. सुएझ कालवा जेमतेम चार महिन्यांपूर्वी खुला झाला होता आणि मुंबई-इंग्लंड समुद्री तार त्याच वर्षी सुरू झाली. लिव्हरपूलचा भाव आता खामगावच्या तारघरात येऊ लागला. खामगावची रुई परदेशी बाजारातही गावाच्याच नावाने ओळखली जाई.

हंगामात पहाटेपासून गाड्यांची रीघ लागे. शेतकरी बहुधा रात्रीच निघालेला असे. गाडी सुटली की अडत्या गाठायचा, दलालाने गिऱ्हाईक आणायचे, मूठभर कापूस ओढून धागा पाहायचा, मग भाव. देशातल्या अनेक बाजारांप्रमाणे हा भाव पुष्कळदा रुमालाखाली बोटे दाबून ठरे. ज्याचा माल विकला जात होता, त्याला तो शेवटी कळायचा. त्यातून तोलाई, हमाली, अडत, धर्मादाय आणि गोशाळेचे पैसे कापले जात. सावकाराचे देणे अनेकदा तिथल्या तिथेच वळते होई. या गोंधळाला आळा घालण्यासाठी 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. हिंदुस्थानातला अशा प्रकारचा तो पहिलाच. बाजार समित्या आल्या, दलाल आणि मापारी यांना परवाने आले. समितीत वजन मात्र व्यापाऱ्यांचेच राहिले. शेतकऱ्याला तिथे जागा नाही, हा दोष 1928 च्या शेती आयोगालाही नोंदवावा लागला. तोपर्यंत 30 वर्षे उलटली होती.

पेठेभोवती जीन आणि रुईच्या गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले. सरकी वेगळी करणाऱ्या जिनांत बायकांची संख्या मोठी. हंगाम ऐन भरात असला की यंत्रे रात्रीही थांबत नसत. आसपासच्या खेड्यांतले आणि दूरचेही मजूर चार-सहा महिन्यांसाठी येत. 1867 मध्ये नगरपालिका झाली आणि पुढे जनुना तलावाचे पाणी गावाला मिळू लागले. 1901 च्या शिरगणतीत गावाची वस्ती 18,341 भरली.

हातात रोकड आणि संध्याकाळ मोकळी, अशी माणसे एवढ्या संख्येने एकत्र आली की करमणूक करणारे आपणच वाट शोधत येतात. तमाशाचे फड, गोंधळी, दंडार, डोंबाऱ्यांचे खेळ पूर्वीपासून होते. रेल्वेने त्यात नाटक कंपन्या आणि सर्कस यांची भर घातली. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे वेड महाराष्ट्रभर पसरले. पडदे, पेट्या आणि नटमंडळी घेऊन फिरणाऱ्या कंपनीला रेल्वेच्या रुळावरचे पैसेवाले गाव हवे असे, आणि अमरावती, अकोला, खामगाव ही वऱ्हाडची गावे तशीच होती. त्याच सुमारास विष्णुपंत छत्र्यांनी देशी सर्कस काढली, तेव्हापासून तंबूचे खेळही असेच रेल्वेने गावोगाव फिरू लागले. पुढच्या रांगेत शेटजी, वकील आणि मामलेदार, मागे जमिनीवर जिनातले मजूर, अशी बसण्याची व्यवस्था गावातली उतरंड दाखवणारीच असे. कापूस पडला की तिकिटे पडत. हे गणित कंपन्यांचे मालक पक्के जाणून होते.

जत्रांचे तंत्रही बाजारापेक्षा फार निराळे नव्हते. देऊळगाव राजाची बालाजीची यात्रा अश्विनात भरे, म्हणजे हंगामाच्या तोंडावर; नवसाबरोबर भांडी, कापड आणि बैलांचे साज यांचीही खरेदी तिथे होई. खामगावातला जगदंबेचा उत्सव कोजागिरीला, इतर गावांत नवरात्र आटोपल्यावर सुरू होतो. शेगावात गजानन महाराज 1878 मध्ये प्रकटले आणि 1910 मध्ये समाधिस्थ झाले. गाव मुख्य लोहमार्गावर असल्याने तिथला भक्तांचा ओघ झपाट्याने वाढला. कापूस वाहण्यासाठी घातलेल्या रुळांवरून वारकरीही येऊ लागले.

ख्रिस्ती मिशन याच वाटेने आले. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेने 1890 नंतर अकोल्याला मुख्य ठाणे केले. मार्क आणि जेनी फुलर हे दांपत्य तिच्या कामात पुढे होते. खामगाव, बुलढाणा, मलकापूर अशी ठाणी पसरली. पावसाळ्यात रस्ते चिखलात बुडत, म्हणून प्रचाराचे दिवस हिवाळ्याचे. राहुट्या टाकायच्या, आठवड्याचा बाजार किंवा जत्रा गाठायची, पेटी-तबल्यावर पदे म्हणायची आणि रात्री जादूच्या कंदिलातून येशूच्या जीवनातली चित्रे पडद्यावर दाखवायची. बघ्यांना हाही एक खेळच वाटे. पैसे न पडणारा. मिशनऱ्यांना ते कळत होते आणि त्यांनी त्याचा उपयोगही करून घेतला. मराठी ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन आणि भजनाची चाल उचलली होती. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या पदांनी तिला पुढे भक्कम आधार दिला.

बाजारातल्या प्रवचनांना फारसे फळ आले नाही. संस्थेचा खरा पाया घातला तो 1899-1900 च्या दुष्काळाने. पाऊस हुकला, धान्य महागले. कपाशीवर विसंबलेल्या मजुरांकडे ना काम उरले ना दाणे. अनाथ मुले-मुली मिशनच्या आश्रयाला आली आणि अनाथालये, शाळा, रविवारची उपासना यांतून इथली लहानशी मराठी मंडळी उभी राहिली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वऱ्हाडच्या कापूसबाजारात अमरावतीने खामगावला मागे टाकले. खामगावचे जीन-प्रेस त्यानंतरही हंगामात धडधडत राहिले आणि चांदीच्या कारागिरीने गावाला दुसरी ओळख दिली. 1913 नंतर चित्रपटाने तंबूतल्या खेळांचे गिऱ्हाईक हळूहळू ओढून नेले. मिशनच्या मंडळ्यांचा कारभार पुढे मराठी पाळकांच्या हाती आला आणि जलंबचा फाटा मुख्यतः उतारूंच्या कामी येऊ लागला.