खोकल्या-शिंकेसरशी होणारा मूत्रस्राव : शस्त्रक्रियेविना उपाय

व्यापारी मंडळींच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच की, हा अंक पेढीवरून घरी जातो आणि तेथे तो स्त्रियाही वाचतात. खोकताना, शिंकताना, हसताना किंवा भरलेली कळशी उचलताना नकळत लघवी गळणे, ही व्यथा कित्येक घरांत आहे. पण तिची वाच्यता होत नाही. लग्नकार्य टाळणारी, प्रवासास नकार देणारी, चारचौघींत बसली तरी दाराजवळची जागा धरणारी गृहिणी ‘आता हौस उरली नाही’ असे सांगून वेळ मारून नेते, आणि घरच्यांनाही ते खरे वाटते.

मूत्राशय व मूत्रमार्ग यांना खालून आधार देणारा स्नायूंचा पडदा ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखा असतो. बाळंतपणात तो ताणला जातो. वाढते वय, स्थूलता, जुनाट खोकला व मलावरोध त्यास अधिक दुर्बल करतात. मग पोटात एकाएकी दाब वाढला की मूत्रमार्ग मिटून राहत नाही.

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामाची पद्धती प्रसिद्ध केली. आपल्याकडील हठयोगातला मूलबंध ज्यांना ठाऊक आहे, त्यांस ती अगदीच परकी वाटणार नाही. वायू रोखताना जे स्नायू आत ओढले जातात, तेच हळूहळू वर आवळावे, जमेल तितके (पुढे आठ-दहा सेकंद) धरावे व तितकाच वेळ सैल सोडावे. श्वास कोंडू नये. पोट व मांड्या ताणू नयेत. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा, आणि किमान तीन महिने. बहुतेकींचा धीर पंधरा दिवसांतच सुटतो, हीच खरी अडचण! २०१८ साली अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात असा व्यायाम करणाऱ्यांपैकी शेकडा ५६ स्त्रियांनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले. न करणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ६ होते. शिंक येणार असे जाणवताच हे स्नायू आधीच आवळून धरण्याची सवयही फार उपयोगी पडते.

स्थूल स्त्रियांनी वजन उतरविल्यास गळती कमी होते, हे अमेरिकेतील २००९ सालच्या एका चाचणीत दिसून आले. खोकला व मलावरोध यांवर उपचार करावेत, चहा-कॉफी बेताची घ्यावी. योनिमार्गात बसविण्याची सिलिकोनची कडीही डॉक्टर काहींना देतात. मात्र गळतीच्या भयाने पाणी तोडणे हा उपाय नव्हे. आमच्या भगिनींत ही चूक सर्रास आढळते. त्याने लघवी दाट होऊन जळजळ होते आणि मलावरोध वाढतो.

लघवीत रक्त, जळजळ, अथवा अनावर घाई होऊन वाटेतच लघवी होणे, ही लक्षणे निराळी असून त्यांची तपासणी आधी करावी. व्यायामाचा आरंभही स्त्रीरोगतज्ज्ञांस किंवा जाणत्या फिजिओथेरपिस्ट बाईंस एकवार दाखवूनच करावा. कारण पुष्कळ स्त्रिया स्नायू वर ओढण्याऐवजी नकळत खाली कुंथतात, आणि तसे केल्याने लाभ तर नाहीच, उलट अपाय होतो.